सॅन स्टॉर्ममध्ये नव्या हॅचबॅकच्या सीटा घरीच बसवायच्या आहेत: फ्लोअर, उंची आणि बेल्टचं काय?

हुडउघडा_कोथरूड

नमस्कार मंडळी. गाडी सॅन स्टॉर्म. फायबर बॉडी, कापडी हुड, रेनोचं ११४९ सीसी इंजिन. मूळ सीटांचा फोम पार बसलाय आणि ड्रायव्हरच्या रिक्लायनरचे दाते झिजल्यामुळे पाठ ब्रेक मारताना एक खाच पुढे आणि पिकअपला एक खाच मागे जाते. सहा एअरबॅगवाल्या एका नव्या हॅचबॅकच्या पुढच्या दोन सीटा रेल, बकल, हेडरेस्टसकट मिळाल्यात. कापड चांगलं आहे, पाण्यात बुडालेल्या गाडीच्या नाहीत.

टेपने घेतलेली मापं, सगळी मिलिमीटरमध्ये. सिल (दाराखालची कड) ते टनेल (मधला उंचवटा) फ्लोअरलगत ४८०, कंबरेच्या उंचीला ५३५. नव्या सीटची जास्तीत जास्त रुंदी प्लॅस्टिक कव्हर धरून ५२०. रेल मध्य ते मध्य: जुनी ३४५, नवी ४१५. माणूस बसल्यावर दबलेली गादी फ्लोअरपासून: जुनी १९०, नवी २८५. जुन्या सीटवर डोकं ते हुडचा आडवा बार ७०. वजन: जुनी ११ किलो, नवी १९.

फ्लोअरवर आधीच्या मालकाने फायबरचे जादा थर चढवलेत, त्यामुळे जाडी कुठे ६ तर कुठे ९. नवी सीट पार्किंगच्या सपाट फरशीवर ठेवली तर पुढे झुकते. सीटखाली पिवळा सॉकेट लोंबतोय.

विचार असा आहे की फ्लोअरला चार नवी भोकं, एम१० (१० मिमी) बोल्ट, खालून मोठे वायसर. चालेल का?

---

ओळंबा

नाही चालणार. का ते खाली सांगतो. आधी मापं व्यवस्थित दिलीत त्याबद्दल आभार, इथे बहुतेक लोक "बसेल का हो?" एवढंच विचारतात. हॅचबॅकचं कंपनी-मॉडेल लिहायला काय झालं होतं ते मात्र कळलं नाही.

भोकं जुळत नाहीत ही तुमची अडचण नाहीच. अडचण उंचीची आहे. २८५ वजा १९० म्हणजे ९५. डोक्यावर जागा ७०. म्हणजे हुड लावल्यावर डोकं बारला २५ मिमी घुसलं. हुड उघडं ठेवलं तरी डोळे काचेच्या वरच्या चौकटीच्या रेषेत येणार, आणि मांडी स्टिअरिंगला घासणार ते वेगळंच.

पहिला प्रश्न: २८५ मोजताना हाइट अ‍ॅडजस्टर कुठे होता? लिव्हर दाबत दाबत पार खाली न्या आणि परत मोजा. भंगारातून येणारी सीट बहुतेक वेळा अर्धवट वर असते.

दुसरं, सीट पुढे का झुकते. हॅचबॅकच्या फ्लोअरमध्ये पुढच्या बोल्टांखाली आडवा उंच क्रॉस मेंबर (लोखंडी तुळई) असतो, मागचे बोल्ट खालच्या पातळीवर. म्हणून पुढचे पाय आखूड, मागचे लांब. सपाट फ्लोअरवर ठेवलीत की गादीचं नाक खाली जातं. तशीच बसवली तर ब्रेक मारल्यावर माणूस कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा हाडावरून सरकून पोटावर चढतो. म्हणजे पुढे ठोकळे द्यायला हवेत. ठोकळे दिले की बसण्याची जागाही थोडी वर जाते, कारण कंबर मागच्या पायांजवळ असली तरी अगदी त्यांच्यावर नसते. पुढे ४० चढवलंत तर कंबरेला साधारण १० धरा.

यातून सुटायचा सरळ रस्ता म्हणजे नव्या सीटची रेल फेकून द्या आणि जुन्या सीटचे स्लायडर (म्हणजे तिच्या रेल) ठेवा. सीट उलटी करून बघा, नवी फ्रेम स्लायडरच्या वरच्या पट्टीला कशी धरली आहे. चार एम८ बोल्ट असतील तर काम जमलं. हाइट अ‍ॅडजस्टरच्या लिंकचे पायही त्याच चार जागी असतात. रिव्हेट असतील तर परत लिहा, मग बघू.

जुन्या स्लायडरवर आडव्या दोन पट्ट्या टाकायच्या, एक पुढे, एक मागे. ५० बाय १० ची एमएस (साध्या लोखंडाची) पट्टी, लांबी ४५०. जुन्या रेल ३४५ वर, नवी फ्रेम ४१५ वर, म्हणजे पट्टी दोन्ही बाजूंना ३५ बाहेर लोंबते. म्हणूनच ६ ची नको, १० ची. शिवाय आडवी पट्टी दोन्ही स्लायडर एकमेकांशी बांधून ठेवते. दोन बाजूंना दोन सुट्या प्लेटी लावल्या तर त्या पिळतात. फायदा हा की फ्लोअरची मूळ भोकं तशीच राहतात आणि फायबरला नवं एकही भोक पडत नाही.

फ्रेमच्या पायांची जागा पट्टीवर उतरवायला टेप वापरू नका, मिमी-दोन मिमी चुकतेच. पुठ्ठ्याचा साचा करा. फ्रेमच्या पायाखाली पुठ्ठा, भोकातून बारीक पेन्सिल, मग तोच पुठ्ठा पट्ट्यांवर. डाव्या-उजव्या जागेसाठी स्टिअरिंगच्या मध्यातून ओळंबा सोडा. सीटची मध्यरेषा त्याच्यापासून २० मिमीपर्यंत हलली तर चालते, त्यापुढे पाठ दुखते.

---

पिवळा_सॉकेट

बाकी काही करण्याआधी माझं वाचा.

पिवळा सॉकेट म्हणजे सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग आहे आणि तिच्यात स्फोटक इग्नायटर आहे. तुमच्या गाडीत तिला फोडणारं किंवा थांबवणारं मॉड्यूल नाही, म्हणजे ती तिथे असून उपयोग शून्य आणि धोका पूर्ण. काढायचीच.

मल्टिमीटर लावू नका. १२ व्होल्ट देऊन "चालू आहे का" बघणं तर सोडाच. साधारण २ ओहमचा इग्नायटर असतो, १.२ अँपिअर दोन मिलिसेकंद मिळाले की तो पेटलाच पाहिजे अशीच त्याची रचना असते. सॉकेट निघाल्यावर आतली शॉर्टिंग पट्टी दोन्ही पिना जोडून ठेवते, म्हणून सॉकेटमध्ये सुई, टेस्टर, काही खुपसू नका. वायर कापून टेप गुंडाळणं हाही उपाय नाही, कापताना पक्कडीचं तोंड दोन्ही तारांना एकदम लागतं.

काढण्याआधी उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, नायलॉनचे कपडे नकोत. पाठीचं कव्हर मागून चेन किंवा प्लॅस्टिक कडीने उघडतं, एअरबॅगचं मॉड्यूल (तिचा डबा) फ्रेमला दोन नटांवर असतं. निघाल्यावर उघडणारी बाजू वर करून ठेवा. पालथं ठेवलंत आणि फुटलं तर तो डबाच उडतो. उन्हात, डिकीत, कपाटात साठवू नका. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. जुन्या बाजारात विकायला न्याल तर तुमच्यापेक्षा दुकानदाराची काळजी वाटते.

बकलही बघा. काही गाड्यांत बकलच्या देठातच प्रीटेन्शनर (अपघातात पट्टा आवळणारा) असतो आणि तोही दारूगोळ्यावर चालतो. देठावरची रबरी घडी चिमटून आखूड झाली असेल तर तो अपघातात एकदा उडालेला आहे, म्हणजे सीट कुठून आली तेही कळलं.

गादीखालच्या वजनाच्या चटईची वायर आणि बकलच्या स्विचची वायर नुसती गुंडाळून बांधून ठेवा, त्यांच्यात धोका काही नाही.

---

शॉर्टकट_सिंहगडरोड

एवढा व्याप कशाला? फायबरची बकेट सीट (एकसंध, पाठ न झुकणारी) घ्या, खाली सागवानी ठोकळे, विषय संपला.

---

बोहरीआळी

सागवान दिवाणखान्यात शोभतं. लाकूड दाबाखाली बसतं, ओलं होऊन फुगतं, सुकून आक्रसतं, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर बोल्ट हाताने फिरतो. फिक्स्ड बकेट वाईट नाही, उंची सर्वात कमी तिचीच. पण पाठोपाठ लोक चारपट्टी हार्नेस लावतात. कापडी हुड, रोल बार (उलटल्यावर डोकं वाचवणारा पाइप) नाही, आणि हार्नेसने धड सरळ बांधलेलं. गाडी उलटली तर माणूस खाली झुकूही शकत नाही. बकेट घ्यायची तर मूळ तीन-टोकी बेल्टवरच.

आता हुडउघडांच्या वायसरबद्दल. मोटरस्पोर्टमध्ये एफआयएचा (त्या खेळाच्या जागतिक संघटनेचा) नियम आहे: सीटला कमीत कमी चार जागी आधार, बोल्ट किमान ८ मिमी, प्रत्येक जागी प्लेटचा टेकलेला भाग किमान ४० चौरस सेंटिमीटर, प्लेट लोखंडी असेल तर किमान ३ मिमी. तुमचा "मोठा वायसर" ३० मिमी व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ ७ चौरस सेंटिमीटर. तेही फायबरवर. लोखंडी फ्लोअरचा पत्रा आधी वाकतो, बोंब मारतो. फायबर बोंब मारत नाही, वायसरच्या कडेने गोल चकती कापल्यासारखी निघून येते.

ओळंबांच्या पद्धतीने गेलात तरी जुन्या चार भोकांखाली काय आहे ते बघाच. गाडी जॅकस्टँडवर घ्या, खाली झोपा. बोल्ट चासीच्या लोखंडी पाइपला किंवा ब्रॅकेटला जात असतील तर उत्तम, फक्त गंज तपासा. पोकर टोचून बघा, पापुद्रा निघाला तर वरची सीट विसरा, आधी चासी. नुसत्या फायबरमधून जात असतील तर १०० बाय १०० बाय ४ ची प्लेट प्रत्येक भोकाखाली. कोपरे गोल करा आणि फायबरला टेकणारी कड फाइलने मारा. धारदार कोपरा म्हणजे छिन्नी.

आणि मुख्य गोष्ट, जी हमखास राहते: स्लीव्ह. फायबरमधली रेझिन दाबाखाली हळूहळू सरकते. आज ४५ न्यूटन-मीटरला आवळलेला बोल्ट महिन्याभराने ढिला, परत आवळला की परत ढिला, आणि प्रत्येक वेळी फ्लोअर थोडा चेपत जातो. म्हणून भोक मोठं करून त्यात लोखंडी नळीचा तुकडा बसवायचा, आतून बोल्ट जाईल इतका, बाहेरून १४-१५ मिमी. लांबी त्या जागच्या फायबरच्या जाडीपेक्षा जेमतेम ०.२ मिमी कमी. मग आवळल्यावर बोल्टाचा ताण नळी घेते आणि फायबर नुसतं चिमटीत राहतं. तुमची जाडी ६ ते ९ आहे म्हणताय, तर चारही भोकांवर व्हर्नियरने वेगळी मोजा आणि चार नळ्या वेगळ्या कापा. एकच माप धरून चार कापल्या तर दोन जागी नळी उघडी पडेल आणि दोन जागी फायबर चेपेल.

फायबरला ड्रिल मारताना वर मास्किंग टेप, आधी ५ चं बिट, मग मोठं, खालून लाकडी फळीचा आधार. नाहीतर बिट बाहेर पडताना खालचा थर कपच्या होऊन सुटतो. ब्रेकची आणि पेट्रोलची लाइन कुठून जाते ते खाली हात घालून नाही, डोळ्यांनी बघून मगच. एन९५ मास्क, पूर्ण बाह्या. भुकटी अंगावर चार दिवस चावते. भोकाच्या कडांना इपॉक्सी फिरवा, कापलेले धागे पाणी ओढतात.

बोल्ट. रविवार पेठेत गेलात की काउंटरवरचा पोरगा चकचकीत स्टेनलेस पुढे करेल, "साहेब, गंज नाही". घेऊ नका. ए२-७० स्टेनलेस ४५० मेगापास्कलला कायमचं ताणलं जातं, ८.८ ग्रेड ६४० ला. डोक्यावर ८.८ कोरलेलं बघून घ्या, झिंक प्लेटिंग पुरेसं आहे. नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला), दर वेळी नवा. चुडीची (आट्यांची) गंमत लक्षात ठेवा: बाजारात एम१० म्हटलं की १.५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमी) मिळतो, जपानी घराण्याच्या गाड्यांत एम१० बहुधा १.२५. चुकीचा नट दोन आटे हाताने जातो आणि तिसऱ्याला अडतो. तिथे पान्ह्याने जोर लावलात की दोन्ही गेले. टॉर्क: एम८ ला २५, एम१० ला ४५ न्यूटन-मीटर. बेल्टचे अँकर बोल्ट बहुतेक गाड्यांत ७/१६ इंच, २० आट्यांचे असतात, म्हणजे ११.१ मिमी. एम१२ जात नाही, एम१० ढिला बसतो. ते उगाच उघडू नका.

---

हुडउघडा_कोथरूड

सगळ्यांचे आभार. वायसर रद्द.

हाइट अ‍ॅडजस्टर खरंच वर होता. पार खाली केल्यावर २८५ चे २५० झाले. रेल बाजूला धरून जुन्या स्लायडरवर पट्टीसकट अंदाज घेतला तर २१५ येतंय. ड्रायव्हरच्या सीटला चारही एम८ बोल्ट. शेजारच्या सीटला पुढे दोन बोल्ट, मागे दोन रिव्हेट. मूळ बेल्टचं बकल टनेलला आहे, नव्या सीटला स्वतःचं बकल फ्रेमवर आहे. नवं बकल जास्त चांगल्या स्थितीत दिसतंय, तेच वापरू का?

---

ओळंबा

२१५ म्हणजे जुन्यापेक्षा २५ वर, डोक्यावर ४५ उरले. आणखी २० फोममधून मिळतात. गादीचं कापड काढून फोम उलटा करा आणि खालच्या बाजूने, फक्त मधला भाग, हॅकसॉच्या सुट्या पात्याने सपाट कापा. बाजूचे उंचवटे आणि पुढची कड सोडून द्या. पुढच्या कडेखालचा पत्र्याचा उतार हा पट्ट्याखालून घसरणं अडवायला असतो, त्याला हात लावायचा नाही. २० पेक्षा जास्त कापलंत तर बसल्यावर स्प्रिंग टोचते. १९५ येईल, म्हणजे मूळ सीटपेक्षा फक्त ५ वर.

शेजारच्या सीटचे रिव्हेट: रेल फुकट जाणारच आहे, म्हणून ग्राइंडर रेलच्या बाजूने चालवा, फ्रेमच्या पायाला चकती लागू देऊ नका. डोकं घासून गेलं की पंचाने ठोकून बाहेर. गॅस कटिंग नाही, फ्रेमचं स्टील जास्त ताकदीचं असतं आणि तापवलं की ती ताकद जाते. निघालेलं भोक गोल आहे का बघा. लांबट झालं असेल किंवा कडेला तडा असेल तर ती फ्रेम बाद, वेल्डिंग करून भोक भरायचं नाही. गोल असेल तर एम८ जितक्याला सहज जातो तितकंच मोठं करा.

रेलवर वेल्डिंगचा एक टाकाही नको. आतले बॉल आणि ग्रीस जळतं, रेल वाकते, मग स्लायडर अर्ध्यात अडकतो. पट्ट्या बोल्टनेच. दोन्ही स्लायडर पट्टीला सैल बांधा, पुढचं आणि मागचं अंतर मोजा, फरक १ मिमीच्या आत आणा, कर्णही मोजा, मग आवळा. वरची फ्रेम चढवण्याआधी हाताने पुढेमागे सरकवून बघा. दोन्ही बाजूंचं कुलूप एकाच वेळी "टक्" झालं पाहिजे. टक्… टक् असं दोनदा ऐकू आलं तर एक बाजू एक खाच मागे आहे.

---

बोहरीआळी

बकलचं उत्तर: जुनंच. जुन्या पट्ट्याची जीभ नव्या बकलमध्ये आत जाईलही, टक् वाजेलही, पण कुलूप पूर्ण धरलंय याची खात्री कोणी देत नाही. बेल्ट आणि बकल एकाच जोडीचे हवेत. जुना पट्टा कडेने उसवलेला असेल तर दोन्ही नवे, पूर्ण संच.

दुसरं कारण मोठं आहे. बकल सीटच्या फ्रेमवर असलं की पट्ट्याचा ओढा सीटच्या पायांतून फ्लोअरला येतो. युरोपच्या आर१४ नियमात कारच्या तीन-टोकी बेल्टच्या अँकरची चाचणी घेताना खांद्याच्या पट्ट्याला १३,५०० न्यूटन, कमरेच्या पट्ट्याला आणखी १३,५०० न्यूटन ओढतात. प्रत्येकी जवळजवळ १,४०० किलो. अँकर सीटवर असेल तर वर सीटच्या वजनाच्या वीसपट, तुमच्या १९ किलोला ३८० किलो. असल्या चाचण्यांसाठी आपल्याकडे एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या टेकडीवर रिग असतात, तुमच्या पार्किंगमध्ये नाहीत. बकल टनेललाच ठेवलंत तर स्लायडरला मुख्यतः सीट आणि पाठीला टेकलेला माणूस एवढंच सांभाळायचं आहे, आणि आपण ठरवलेली जोडणी तेवढ्यासाठीच आहे.

एक अडचण येईल. सीट रुंद झाल्यामुळे बकल टनेल आणि गादीच्या मधे बुडेल. टनेलच्या बाजूचं प्लॅस्टिक कव्हर काढून टाका, ८-१० मिमी मिळतात आणि तिथे कोणी बघत नाही. सीट सर्वात पुढे आणि सर्वात मागे नेऊन बघा की कव्हर किंवा फ्रेम बकलचं लाल बटण दाबत नाही ना. बाजारात मिळणारे बेल्ट एक्स्टेंडर नकोत.

---

कलम_५२

कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांवर आहे. आसनसंख्या बदलत नाहीये, तरी विमा कंपनीला ईमेलने कळवून पोच ठेवा, फोनवरच्या "हो हो चालेल"ला क्लेमच्या वेळी किंमत नसते. जुन्या सीटांच्या फ्रेम विकू नका. गाडी कधी मूळ रूपात विकायची झाली तर स्टॉर्मच्या सीटा कुठे शोधणार?

---

हुडउघडा_कोथरूड

पट्ट्या भोसरीतून कापून, भोकं पाडून आणल्या. एअरबॅगची दोन्ही मॉड्यूल वर्कशॉपमध्ये जमा केली. ड्रायव्हरची सीट बसली, फोम कापल्यावर १९७ येतंय. फ्लोअरचे बोल्ट चासीच्या ब्रॅकेटला जातात, गंज वरवरचा होता, घासून झिंक प्रायमर मारला. आता स्पीडब्रेकरवर डाव्या बाजूने कटकट आवाज येतो. बोल्ट सगळे टॉर्कला आहेत.

---

ओळंबा

आधी हेडरेस्ट काढून ठेवा आणि चालवून बघा, निम्म्या वेळा तोच असतो. तो नसेल तर पट्टी आणि फ्रेमचा पाय यांच्यामध्ये ०.०५ मिमीची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. आत गेली तर पाय पट्टीवर सपाट टेकत नाहीये, बोल्ट टॉर्क दाखवतोय पण ताण एका कडेवर आहे. रिव्हेटचा उरलेला ओठ किंवा रंगाचा गोळा असतो, फाइलने काढा. पातळ वायसर भरून अंतर मिटवू नका.

तिथेही नसेल तर जुना स्लायडर. सीट मध्यावर आणा, गादीची पुढची कड धरून वर-खाली हलवा. १ मिमीपेक्षा जास्त खेळ हाताला लागला तर बॉल झिजलेत, स्लायडर बदला. ग्रीस भरून आवाज आठवडाभर बंद होईल, खेळ तसाच राहील.

---

बोहरीआळी

आणि १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा परत टॉर्कला तपासा. पेनने नट-बोल्टवर आडवी रेघ मारून ठेवा, पुढच्या वेळी पान्हा न लावता दिसेल. फ्लोअरची भोकं खालून बंद करायला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरा, व्हिनेगरसारख्या वासाचं बाथरूम सिलिकॉन नको, त्यातलं अ‍ॅसिड लोखंड खातं.

---

हुडउघडा_कोथरूड

हेडरेस्टच होता. नळीभोवती उष्णतेने आक्रसणारी स्लीव्ह चढवली, आवाज गेला. शेजारच्या सीटचं एक रिव्हेटचं भोक लांबट निघालं, ती फ्रेम बाद. दुसरी शोधतोय, या वेळी चारही बोल्टवाली.